आईजवळची फिल्म

सुखदेवभाऊ गेल्याचा निरोप आसेगावहून सकाळच्या एसटीनं त्यांचा भाचा घेऊन आला, तेव्हा मी बालकांच्या वॉर्डात औषधांची यादी तपासत होते. निरोप ऐकला, यादी पूर्ण केली, खाली सही केली आणि मग खुर्चीत बसले. आज पाच आठवडे झाले. रडू आलं नाही, पण थकवा काही उतरत नाही...

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात ते एक्स-रे काढत आणि मी मुख्य परिचारिका. रक्ताच्या आजारानं गेले, पन्नाशीही गाठली नाही. इतकी वर्षं त्या यंत्राजवळ उभं राहिल्यामुळं झालं का, असं लोक मला विचारतात. डॉक्टर नक्की सांगत नाहीत, मग मी कुठून सांगणार?

सुरुवातीला आमचं पटत नव्हतं. मी घड्याळावर चालणारी बाई. मोठ्या माणसाचा फोटो ते पाच मिनिटांत उरकत आणि एका लेकराला अर्धा तास लावत. आधी लेकराचं वजन करायचे. भिंतीवर त्यांनी स्वतः लिहिलेला तक्ता होता, कोणत्या वजनाला यंत्राचा किरणांचा आकडा किती खाली आणायचा त्याचा. मोठ्यांचा आकडा लेकराला लावणं त्यांना मंजूर नव्हतं. फाटलेल्या शिशाच्या एप्रनमधून कापलेला एक तुकडा होता, तो किरणं अडवायला लेकराच्या बेंबीखाली बांधायचे. मग यंत्र बंद ठेवूनच लेकराला टेबलावर दोन-तीनदा निजवायचे, श्वास धरायचा खेळ खेळायचे. बाहेर रांग वाढत जायची.

"भाऊ, लग्नाचा फोटो काढून राह्यले का?" मी एकदा दारातून विचारलं.

"लग्नाचा बिघडला तं चालते, सिस्टर," ते मान वर न करता म्हणाले. "हे लेकरू हाललं तं दुसरी फिल्म काढा लागते. चूक माही, अन् किरणं याच्या आंगात. आंग एवढंसं, अन् जगनं लय बाकी आहे त्याचं."

मानोऱ्याजवळच्या तांड्यांवरची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. त्यातली एक सोनाबाई. तिच्या पाच वर्षांच्या पोरीच्या, कमळीच्या, छातीत क्षयाची गाठ होती. नियमाप्रमाणे फिल्म आमच्या कपाटात राहायची, म्हणून या मायलेकी जिथं कामाला जात तिथला डॉक्टर नवा फोटो काढायचा. वर सोनाबाईचा समज असा, की फोटो हाच उपचार.

"वर्षात किती फोटो काढले, बाई?" भाऊंनी तिला विचारलं.

तिनं बोटं मोजली. एक हात संपला तेव्हा दुसरा पुढं केला. भाऊ स्टुलावर बसले.

"काहून काढले इतके?"

"फोटो काढला का खोकला बसते ना, दादा. मीच म्हंतो त्यायले, काढा म्हून."

"खोकला गोळ्यायनं बसते. फोटो निस्ता पाहाले असते, माय."

त्या दिवशी त्यांनी कमळीचा नवा फोटो काढलाच नाही. कपाटातली जुनी फिल्म कापडात गुंडाळून सोनाबाईच्या हाती दिली. "कुठंही गेली तं आंधी हे दाखव. नवा काढतो म्हनला तं विचार त्याले, याच्यावर भागत नाही का." मग हळूहळू तांड्यांवरच्या बाकी आयांनाही ते अशा फिल्मा देऊ लागले. हे सगळं मला नंतर कळलं.

मला आधी कळलं ते एवढंच, की कपाटातली फिल्मांची बरीच पाकिटं रिकामी आहेत. वापरलेल्या फिल्मा विकत घेऊन त्यातून चांदी काढणारे लोक तेव्हा गावात फिरत; भाऊंनी त्यांनाच विकल्या, असं मी धरून चालले. मी रिकाम्या पाकिटांची क्रमवार यादी केली आणि मोठ्या डॉक्टरांना दिली. भाऊंना विचारलं नाही. विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मोठ्या डॉक्टरांना त्यांनी खरं ते सांगितलं, पण नियम तो नियम. त्यांना केसपेपरच्या खिडकीवर बसवलं आणि एक्स-रेला बाहेरून बदली माणूस आला.

नेमकी त्याच दिवसांत सोनाबाई परत आली. तिनं विश्वासानं कापड सोडून फिल्म पुढं केली. बदली माणूस म्हणाला, "ही तर आपलीच," आणि ती कपाटात टाकून त्यानं कमळीला टेबलावर घेतलं. पोर भीतीनं थरथरत होती. पहिली फिल्म हलली, दुसरीही हलली, तिसरी जमली. आकडा मोठ्या माणसाचा. पोरीचे पाय मीच धरले होते. आणि खोटं कशाला सांगू, यादीतलं एक पाकीट भरलं म्हणून मला तेवढ्यात बरंही वाटलं होतं.

दुपारी भाऊंनी खिडकीतून विचारलं, "किती काढल्या?"

"तीन."

त्यांनी हातातला केसपेपर बाजूला ठेवला. "यादी बरोबर होती तुमची, सिस्टर. पन मले विचारलं असतं तं..." एवढंच. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी अर्ज लिहायला घेतले. परवानगी यायला पावसाळा गेला. आईचा अंगठा घेऊन फिल्म तिच्या हाती द्यावी, असं अखेर ठरलं आणि भाऊ आपल्या खोलीत परतले. त्या तीन फिल्मांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मी मात्र कमळी दिसली की तिच्याकडं निरखून बघत राहायची. गोळ्यांनी गाठ विरली, पोर वाढली. त्या किरणांनी आत काही केलं की नाही, हे कोणत्याच फोटोत दिसत नाही.

मागच्या सोमवारी सोनाबाई एक्स-रेच्या दारात उभी होती. कमळी आता आईच्या खांद्याच्या वर गेली आहे. पुन्हा खोकला होता. "दादा कुठी हायेत?" सोनाबाईनं विचारलं. मी सांगितलं. ती उंबऱ्यावरच खाली बसली. मग डॉक्टरांनी पोरीची छाती तपासली, सोनाबाईजवळची जुनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि सध्या नव्या फोटोची गरज नाही, म्हणाले. सोनाबाईनं फिल्म कापडात गुंडाळली आणि हातात तशीच धरून ठेवली.

"आता हे कोनाजोळ देऊ, सिस्टर?"

"दाखव सगळ्यायले, पण कोणालेच नको देऊ," मी म्हणाले. "तुह्याचजोळ ठेव."