संत रोक्को मागं फिरत नाही

कार्मोझिना गाड्या भाड्यानं देते, पण गाडी दाखवायच्या आधी माणूस बघते. गिऱ्हाईक आलं की त्याला खुर्चीत बसवायचं, हातात कॉफी द्यायची आणि बोलू द्यायचं. बोलताना बायकोला मधेच तोडतो का, कप ठेवताना सांडतो का, एवढं तिला पुरतं. मग ती खिळ्यावरची चावी काढते. नवरा गेला तेव्हा गावाला वाटलं होतं, बाई गॅरेज फुंकून लेकीकडं मिलानला जाईल. बाईनं गॅरेज धुतलं, नवऱ्यानं उघडून ठेवलेल्या जुन्या फियाट जोडल्या आणि भाड्याला लावल्या. आता आमच्या खोऱ्यात म्हणच पडलीय की कार्मोझिनानं दिलेली गाडी चुकत नाही. खालचे हॉटेलवाले त्या एका बोलावर गिऱ्हाईक धाडतात. तिची चूल त्या बोलावरच पेटते.

त्या ऑगस्टात एजिदियो आला. आमच्याच गावचा, जर्मनीत गाड्यांच्या कारखान्यात सगळी जवानी घातलेला. बायको हानेलोरे तिकडची. तिला अख्खी इटली दाखवायची होती. आधी गावची जत्रा, मग नेपल्स, रोम, असं करत पार व्हेनिसपर्यंत. त्यानं कॉफी सांडली नाही, बायकोला तोडलंही नाही, पण डोळा सारखा अंगणातल्या काळ्या मोठ्या गाडीवर. सात माणसं बसतील असलं ते धूड.

"दोन माणसांना सात जागा?" कार्मोझिना म्हणाली. "बाकीच्या जागांवर काय मेंढरं बसवतोस?"

"लांबचा पल्ला हाय, आक्का."

"लांबचा हाय, रुंद न्हाई. ती छोटी पांडा फियाट ने. धुऊन उभी केलीय बघ."

"पांडातनं कानियोच्या दारात उतरू व्हय?"

कानियो हा एजिदियोचा थोरला भाऊ. गावातच राहिला, द्राक्षांचे वेल सांभाळले, आईबाप दोघांना एकट्यानं मातीआड केलं. धाकट्याचं नाव निघालं की चौकात सगळ्यांसमोर थुंकायचा, "आमचा साहेब नाताळाच्या कार्डात राहतो." हे एजिदियोच्या कानावर गेलेलं होतं, आणि गेलंय हे कार्मोझिनाला दिसत होतं. तिनं मोठ्या गाडीची चावी काढली.

"चौकात लाव. वर गल्लीत घालू नको. ऐकतोस न्हवं?"

त्यानं मान हलवली. मान हलवायला काय, बैलसुद्धा हलवतो.

दुसऱ्या दिवशी जत्रा, गावच्या संत रोक्कोची मिरवणूक निघाली. पुढं बायका डोईवर मेणबत्त्यांचे मनोरे घेऊन, मागं खांदेकऱ्यांच्या खांद्यावर संत रोक्को, त्याच्या पायाशी तोंडात पाव धरलेलं लाकडी कुत्रं, त्यामागं बँड. कार्मोझिना पुढच्याच रांगेत होती, अनवाणी. खाटीकगल्लीच्या वळणावर रांग थबकली. समोर ते काळं धूड गल्लीत बुचासारखं बसलेलं. दोन्ही अंगाला भिंती, दारं उघडायला जागा नाही. आत एजिदियो घामानं निथळतोय, शेजारी हानेलोरे मांडीवरची भेटवस्तूंची पिशवी घट्ट धरून. वर गल्लीच्या तोंडाशी, आपल्या उंबऱ्यात, कानियो.

"आणखी जोर लाव की, साहेब," कानियो वरून ओरडला. "भिंत सरकंल!"

पाद्रीबाबा पुढं आले आणि त्यांनी मागं बघितलं. आमचा संत रोक्को मागं फिरत नाही. फिरला तर वर्षभर गावात दुखणी, असं आमचे बापजादे सांगत आले. खांदेकरी मूर्तीखाली कण्हत होते. कुणी म्हणालं काचा फोडा, कुणी म्हणालं उचलून फेका.

"फेकताय कुठं? वर आभाळात?" म्हणत कार्मोझिनानं डोईवरचा मनोरा शेजारणीच्या डोईवर चढवला, झगा वर खोचला आणि गाडीच्या मागच्या डिकीतून आत शिरली. तिचे ते उघडे पाय आधी गेले की डोकं, यावर गावात अजून वाद आहे.

"आक्का, तू घे चाक," एजिदियो रडकुंडीला आला होता.

"मी घेतलं तर तू मेलास," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "तूच चालव. मी सांगते तसं. चेहरा हसरा ठेव. मेल्या, दात विचकू नको, हस!"

खिडक्यांतल्या बायकांना तिनं हाक दिली. त्यांनी वरून भिंतींवर तेलाच्या बुधल्या ओतल्या; ऑलिव्हचं घरचं तेल, जत्रेसाठी राखलेलं. गाडीचे बाजूचे आरसे मिटले. जरा पुढं, जरा डावं, थांब, श्वास घे, आता मागं नको, वरच चढव. पत्रा किरकिरत होता आणि तो आवाज कार्मोझिनाच्या दातांत शिरत होता, कारण गाडी तिची होती. शेवटी धूड गल्लीतनं सुटून कानियोच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत आलं. दोन्ही अंगं सोलली होती. संत रोक्को पुढं निघाला.

पण गाव निघालं नाही. गावाला आता दोष द्यायला माणूस पाहिजे होता.

"शाणा जर्मनीचा!" कानियो सगळ्यांदेखत म्हणाला. "कार्मोझिनाक्का काय झोपली व्हती का? तिनं सांगितलंच असंल. सांग की गं आक्का, यानं ऐकलं न्हाई न्हवं?"

सगळी तोंडं तिच्याकडं वळली. त्यांत हॉटेलवाल्या पास्क्वालेचंही तोंड होतं. एजिदियो जमिनीकडं बघत राहिला. कार्मोझिनानं एक 'व्हय' म्हटलं असतं तर तिचा बोल शाबूत राहत होता.

"यानं पांडाच मागितली व्हती," कार्मोझिना म्हणाली. "मला ही मोठी खपवायची व्हती. म्या गळ्यात मारली. माझा अंदाज चुकला."

"तुझा?" पास्क्वाले म्हणाला.

"माझा. का, म्या काय संत हाय?"

कुणी हसलं, कुणी च् च् केलं. पास्क्वालेनं पुढचे दोन महिने गिऱ्हाइकं पलीकडच्या गावाला धाडली. चौकात पोरं अजून विचारतात, "आक्का, मला लग्नाला ट्रक देतेस?" ती म्हणते, "तुझ्या नवरीला लागंल खरा." पण झालेलं तिनं कुणाला उलगडून सांगितलं नाही.

मिरवणुकीच्याच संध्याकाळी कानियो गॅरेजात आला. खुर्चीत बसला नाही.

"काल इथनं गेलो तवा पांडा अंगणात धुऊन उभी व्हती. रिकामी. आज सकाळी बी."

"मग?"

"मग मोठी खपवायची व्हती तर पांडा धुतलीस कशाला? तू खोटं बोललीस. जत्रेच्या दिवशी."

"बोलले. मला उद्या हितंच उठायचंय, परवा बी. नाव मळलं तर मी घासत बसीन. त्याला तुझ्या दारात एकच दिवस व्हता."

कानियोनं खिळ्यावरची पांडाची चावी काढली आणि परत अडकवली.

"त्यो म्हणतोय, रोमला चल संगं," तो म्हणाला. "सात जागा हायेत म्हणतोय."

"मग?"

"वेलांना पाणी कोण घालंल?"

"घालीन मी. आता गिऱ्हाईक कुठं हाय मला?"

सकाळी ती सोललेली गाडी गॅरेजसमोरून खाली गेली. मागच्या सीटवर कानियो लग्नातला कोट घालून ताठ बसला होता, आणि हानेलोरे वळून त्याला काहीतरी विचारत होती, जे त्याला कळत नव्हतं. कार्मोझिनानं पाण्याची झारी उचलली आणि वेलांच्या वाटेला लागली.