हातमोज्याची तिसरी गाठ

ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर हातमोज्याची बोटं कापायला बसल्या की आजूबाजूला कुणी शिंकायचंही नाही, असा अलिखित नियम होता. तीस वर्षांच्या नोकरीत त्या कुणावर आवाज चढवून बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नुसतं चष्म्यावरून बघितलं तरी शिकाऊ मुलींची पाचावर धारण बसायची.

बेंबीतल्या एकाच छोट्या भोकातून पित्ताशय काढायचं, तर कॅमेरा आणि हत्यारं एकदम आत जातील आणि पोट फुगवायला भरलेला वायू बाहेर येणार नाही, असं झाकण लागतं. कंपनीचं तयार झाकण एकदा वापरून फेकायचं. ते या इस्पितळाला परवडणारं नव्हतं. सर्जनसाहेबांनी हात टेकले, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी साधा रबरी हातमोजा उचलला. मनगटाची बाजू बेंबीवर बसवलेल्या कड्यावर ताणायची, बोटांची टोकं कापायची, एकेका बोटात एकेक नळी घालून रेशमी दोऱ्याने बांधायची. पोटात वायू भरला की मोजा फुगून उभा राहतो. अंगठा त्या कापत नसत. तो ताठ असला म्हणजे वायू टिकलाय, त्याने मान टाकली म्हणजे कुठेतरी गळतंय. पहिल्यांदा तो पंजा बघून साहेब म्हणाले, "सिस्टर, पेशंट मला थांब म्हणतोय."

"त्याचं ऐकू नका, सुरू करा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

नियम एकच: बोटाला दोन गाठी. एक कमी पडते, तिसरी रबर कापते. हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की थिएटरमधली धाकटी सिस्टर ते झोपेतही बडबडते म्हणे.

मग त्यांच्या नवऱ्याच्याच पित्ताशयात खडे निघाले. नवरा घरसामान हलवणाऱ्यांच्या टोळीत होता. कपाटं पाठीवर घेऊन जिने चढायचा. एका भोकात भागलं तर महिन्याभरात पुन्हा कपाटाखाली. पोट उघडावं लागलं तर निदान चार महिने ओझं बंद, आणि पंचावन्नाव्या वर्षी इतके दिवस घरी बसलेल्या हमालाची वाट कुणी बघत नाही. हे दोघांनाही माहीत होतं. नवऱ्याने फक्त विचारलं, "दाढी करून यायचं का?"

पेशंट नात्यातला असेल तर थिएटरमध्ये थांबायचं नाही, हा इस्पितळाचा नियम. मोठ्या सिस्टरांनी हात धुऊन मोजा बांधला, पाण्यात बुडवून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं, धाकटीच्या ताब्यात दिला आणि दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

विसाव्या मिनिटाला आतलं वायूचं यंत्र कोकलायला लागलं.

"अंगठा पडला," धाकटीचा आवाज आला.

"कडं सरकलंय का बघ," साहेब म्हणाले. "पोट बसतंय, मला काही दिसत नाहीये. पाच मिनिटांत सापडलं नाही तर उघडतो."

कड्यात काही दोष नव्हता. मोठ्या सिस्टरांना ते पक्कं ठाऊक होतं, कारण मधल्या बोटाला त्यांनी तीन गाठी मारल्या होत्या. शेकडो पोटांना दोन पुरल्या. या पोटाला पुरतील यावर हात काही केल्या विश्वास ठेवेनात. आता गप्प बसलं तर दोष कड्यावर जाईल, मोजा कचऱ्यात जाईल आणि तीस वर्षांची अब्रू शाबूत राहील. त्यांना भयंकर भीती वाटली, आणि लाजही. कोणती जास्त, हे ठरवायला वेळ नव्हता.

त्यांनी दार ढकललं आणि उंबऱ्यावरूनच ओरडल्या, "कडं सोडा! मधलं बोट बघा. मी तीन मारल्यात!"

धाकटीने वाकून बघितलं. "फाटलंय."

"नवीन बांध. दोन..."

"दोनच, माहितीये. आता दार लावा, सिस्टर."

मोठ्या सिस्टरांना दार लावायला सांगायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी दार लावलं.

थोड्या वेळाने यंत्र गप्प झालं. पाऊण तासाने साहेब बाहेर आले, "एकाच भोकात झालं," म्हणाले आणि चहाला गेले. मोठ्या सिस्टर रुमालात तोंड खुपसून ढसाढसा रडल्या.

संध्याकाळी नवऱ्याने डोळे उघडले.

"पोट उघडलं का गं?"

"नाही."

"वाटलंच. मोजा तुझा होता ना."

हो म्हणणं सोपं होतं. "माझा फाटला," त्या म्हणाल्या. "तुमच्या वेळी माझा हात चुकला. धाकटीने दुसरा बांधला म्हणून निभावलं."

नवऱ्याने मान त्यांच्याकडे वळवली.

"एवढ्या लोकांच्या वेळी नाही चुकलीस, आणि माझ्याच वेळी?"

"हो."

"बरं वाटलं," नवरा म्हणाला.