मडगार्डवरचा सिनेमा

कळंबच्या प्रयागबाईंना एखादी गोष्ट आवडली, असं गावात कुणी कधी ऐकलं नव्हतं. लग्नातली जिलेबी त्यांना पाणचट लागायची, कीर्तनकाराचा गळा बसलेला वाटायचा, आणि कुणाच्या नव्या सुनेचं कौतुक चाललं की त्या पदरानं नाक पुसून म्हणायच्या, "बघू की, पाडव्यापतूर." नवरा मोहनराव तर सांगायचे, ही स्वर्गात गेली तरी तिथल्या नळाला पाणी कमी येतं म्हणून परत यायची. पण एका बाबतीत ही बाई साफ वेडी होती. ती मोबाईलवर ट्रॅक्टर चालवायची.

हे वेड समजायचं तर थोडं मागं जावं लागतं. प्रयागबाईंचं माहेर सुप्याकडचं, सगळं जिरायत. वडिलांना दिवस मावळला की कमी दिसायचं, त्यामुळे पाण्याची टिपाडं घालून बैलगाडी हाकायचं काम ह्या थोरल्या लेकीकडं. उताराला बैलांना आवरून धरणारी परकरातली पोर बघायला माणसं थांबायची. मग लग्न होऊन त्या कालव्याच्या मुलखात आल्या. पाणी दारात आलं आणि कासरा हातातून गेला.

मोहनरावांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा बॉनेटवर कुंकवाची बोटं प्रयागबाईंनीच ओढली. मग स्टेअरिंगकडे बघून त्या म्हणाल्या, "मला शिकवा की." मोहनराव इतके हसले की पेढे वाटणाऱ्यालाही हसू आलं. "तू बस हितं," म्हणत त्यांनी मडगार्डवर थाप मारली. मडगार्ड म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा. उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो, आणि थंडीचं तर बोलायलाच नको. त्या पत्र्यावर प्रयागबाई पंचवीस वर्षं बसल्या. शेतात जाताना, बाजाराला जाताना, आणि सुयोगच्या वेळी पोटात दुखायला लागलं तेव्हा दवाखान्यात जातानासुद्धा.

हाच सुयोग मोठा होऊन बारामतीला कारखान्यात कामाला लागला. त्यानं नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला, त्यात 'खेप' नावाचा गेम होता. पुण्याच्या कुठल्याशा पोरांनी काढलेला. शेतातून ऊस भरायचा, मागं दोन ट्रॉल्या, आणि चिखलातून, चढावरून, कालव्याच्या वळणावरून साखर कारखान्यापर्यंत न्यायचा. वळण चुकलं की ट्रॉली कलंडते, ऊस सांडतो, आणि पडद्यावर येतं : पुन्हा खेळा. गोष्ट नाही, गाणं नाही, शेवट नाही. प्रयागबाई पहिले काही दिवस नुसत्या कलंडत होत्या. मग एक दिवस त्यांनी कालव्याचं वळण काढलं आणि एकट्याच ओट्यावर बसून मोठ्यानं हसल्या. शेजारच्या ठमाबाईला वाटलं, बाईला काहीतरी झालं. रोज संध्याकाळी काकडीचे क्रेट भरून झाले की त्या फोन घेऊन बसायच्या, आणि तेवढा वेळ गावातल्या कुणालाही नावं ठेवायच्या नाहीत.

आता सिनेमावाल्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुठं चार माणसं आनंदानं काही करताना दिसली की त्यावर हिरो आणून बसवल्याशिवाय ह्यांना झोप लागत नाही. बातमी आली की 'खेप'वर सिनेमा निघतोय. मराठीत एवढा खर्च आजवर कुणी केला नव्हता म्हणे. त्या खर्चात आख्ख्या तालुक्याला ठिबक बसलं असतं, पण ठिबकवर कोण शिट्ट्या मारणार!

संध्याकाळी क्रेट भरताना विषय निघाला. सुयोग सुट्टीवर आला होता. काकड्या बारामतीच्या मार्केटला नेणारे पिकअपवाले खाजाभाई होते, आणि त्यांची बायको सुरैय्या प्रतवारीला हात लावत होती.

"आये, हा पिच्चर तुफान चालणार," सुयोग म्हणाला. "कोटभर लोकांच्या फोनात हाय गेम. त्यातले निम्मे आले तरी बास."

"ते चालवत्यात रं," प्रयागबाई म्हणाल्या. "बघायला कोण बसलंय? दुसऱ्याला जेवताना बघून तुजं पोट भरतं का?"

मोहनराव सिनेमाचे जुने भक्त. तरणेपणी सायकलवर बारामतीला जाऊन एकेक सिनेमा पुनःपुन्हा पाहिलेले. त्यांनी काकडी क्रेटमध्ये टाकली आणि मान डोलवली. "अगं, पिच्चर म्हंजे असंच असतंय. एकजण चालवतो, बाकीच्यांनी बसायचं. त्यातच मजा हाय."

"बसलेल्याला इचारलं का कधी, मजा येती का ते?"

सुरैय्यानं पदर तोंडाला लावला. मोहनरावांना ते दिसलं, आणि माणूस चिडला की जे करतो ते त्यांनी केलं. पैज लावली.

"तीन आठवडे चालला बारामतीत, तर तू त्यो फोनमधला ट्रॅक्टर काढून टाकायचा. कायमचा."

"आन पडला तर?"

"पडला तर तू म्हणशील ते."

"पडला तर दारातल्या ट्रॅक्टरचं स्टेरिंग मला द्यायचं. तुमी शिकवायचं, आन त्येबी न हसता."

"लागली," मोहनराव म्हणाले. खाजाभाई आणि सुरैय्या साक्षीदार. एवढा मोठा सिनेमा पडणार कसा, ह्या भरवशावर मोहनरावांनी त्या रात्री भाकरी जास्त खाल्ली.

सिनेमा लागला आणि पहिल्याच रविवारी खाजाभाईंच्या पिकअपमधून सगळी मंडळी बारामतीला गेली. थिएटरात गारठा असा, की माणसांऐवजी दुधाचे कॅन ठेवायला बांधलंय वाटावं. मक्याच्या लाह्यांचा भाव ऐकून प्रयागबाईंनी विकणाऱ्या पोराला विचारलं, "ह्यात बियाणं धरून हाय का?" मग दिवे गेले.

हिरो उसातून बाहेर आला. पांढरा शर्ट, त्यावर एक डाग नाही. उसाच्या पाचटानं अंगाची चाळण होते, ह्याच्या गालावर ओरखडा नाही. मागं एक रागीट आजोबा, एक हरवलेला भाऊ, आणि कारखाना गिळायला टपलेला एक दाढीवाला. ज्या गेममध्ये गोष्ट नव्हती म्हणून लोक खेळत होते, त्यात ह्यांनी तीन सिनेमांच्या गोष्टी कोंबल्या होत्या.

मग कालव्याचं वळण आलं. अगदी गेममधलं, तोच बाभळीचा बुंधा, तोच खड्डा. प्रयागबाई पुढं सरकल्या. मांडीवर ठेवलेल्या हातांचे अंगठे आपोआप हलायला लागले. आता वेग कमी, आता बाहेरून घे, आता हळू आत. मोहनरावांनी अंधारात ते अंगठे पाहिले. पडद्यावरच्या हिरोनं वेग वाढवला, दोन भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर कालव्यावरून उडवला, आणि पलीकडे उतरला. एक ऊस पडला नाही. थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. प्रयागबाईंचे अंगठे थांबले. त्या ह्या वळणावर किती वेळा कलंडल्या होत्या, आणि त्या कलंडण्याचीच तर सगळी गोडी होती. हा गडी कलंडणारच नव्हता. त्याला तशी सोयच नव्हती.

पुढं गाणं लागलं. हिरो ट्रॅक्टर चालवतोय, आणि हिरॉईन शेजारी बसून ओढणी उडवतेय. बसलीय कुठं, तर मडगार्डवर. वर हसतेय.

तिकीट काढून, गारठ्यात बसून, प्रयागबाईंना परत त्याच पत्र्यावर आणून बसवलं होतं.

मध्यंतरात सुरैय्यानं विचारलं, "अक्का, कसा वाटतोय?"

"डोळ्याला बरा हाय," प्रयागबाई म्हणाल्या. "हाताला काय न्हाय."

आता गोष्टीत न्याय असता तर हा सिनेमा दुसऱ्या सोमवारी गुंडाळला असता. पण तो चालला. असा चालला, की गावोगावची माणसं जीप करून गेली. खाजाभाई मार्केटवरून परतले की प्रयागबाई रस्त्यावर उभ्या. "हाय का अजून?" "हाय, अक्का. बोर्ड हाय." दुसरा आठवडा गेला. तिसऱ्यातही रविवारी तिकीट मिळेना.

"आसं कसं झालं वो?" सुरैय्यानं विचारलं.

"म्या चुकले," प्रयागबाई म्हणाल्या, आणि हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. "मला वाटलं, समद्यांस्नी चालवायचं असतंय. तसं न्हाय. मडगार्डवर बसून टाळ्या वाजवणारेच जास्त हायेत जगात."

तिसरा आठवडा भरला त्या संध्याकाळी मोहनराव अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून ओट्यावर येऊन बसले, जसा काही सत्कार होता. प्रयागबाईंनी सुयोगला फोन लावला, गेम कसा काढायचा ते विचारून घेतलं. चित्रावर बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, नक्की काढू का? त्यांनी मोहनरावांकडे पाहिलंसुद्धा नाही. काढ म्हणाल्या आणि दाबलं. सुप्याला दुष्काळात बैलजोडी विकली तेव्हा वडील दावणीकडे बघत बसले होते, तसं त्यांना रिकाम्या पडद्याकडे बघताना वाटलं. वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. आत जाऊन त्यांनी चूल पेटवली. मोहनरावांनी जिंकल्याचं दोन वाक्यांत बोलून पाहिलं, पण ऐकायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकडी तोडायला निघायचं होतं. मोहनरावांनी ट्रॅक्टर चालू केला आणि सवयीनं म्हणाले, "बस."

"तुमी व्हा म्होरं. म्या चालत येते."

"पाय दुखत्यात म्हणतीस आन चालत?"

"पैजंत फोनमधला ट्रॅक्टर काढायचा ठरलं व्हतं. काढला. पत्र्यावर बसायचं कुठं ठरलं व्हतं?"

आणि त्या चालायला लागल्या. पुढं धडधडत रिकाम्या मडगार्डचा ट्रॅक्टर, मागं डोक्यावर पाटी घेऊन बायको. हे चित्र त्या दिवशी कळंबच्या निम्म्या गावानं पाहिलं, उरलेल्या निम्म्यानं दुसऱ्या दिवशी. मोहनरावांनी वेग कमी केला तर त्याही सावकाश चालायच्या, थांबले तर त्या बाभळीखाली थांबायच्या. पारावरून कुणी विचारी, "काय मोहनराव, डिझेल वाचवताय का वहिनीचं वजन कमी करून?" ठमाबाईनं तर शेजारधर्म म्हणून आपली काठी देऊ केली. ज्या माणसाला बायकोवर हसण्याची हौस होती, त्याच्यावर आता येता-जाता गाव हसत होतं, आणि त्याला ते अजिबात सोसवत नव्हतं.

शेवटचा घाव खाजाभाईंचा. त्यांनी पिकअप आडवा घातला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मागून येणाऱ्या प्रयागबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "आबा, तुमचा पिच्चर तर लई चालला. पर हिरॉईन खाली उतरली की वो."

पुढं गावच्या कालव्याच्या वळणावर मोहनरावांनी ट्रॅक्टर उभा केला. थिएटरच्या अंधारात हलणारे ते दोन अंगठे त्यांना आठवले की काय, कुणास ठाऊक. प्रयागबाई जवळ आल्या तेव्हा ते उठले, सीट रिकामी केली आणि मडगार्डवर जाऊन बसले.

"ये. क्लच डाव्या पायाखाली हाय. हळू सोड."

प्रयागबाईंनी पाटी खाली ठेवली. पदर खोचला आणि वर चढल्या. क्लच सोडला तसा ट्रॅक्टरनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडला. कालव्यावर धुणं धुणाऱ्या बायका खिदळल्या. प्रयागबाईंनी परत चालू केला, परत बंद पडला. मोहनराव हसले नाहीत. पुढच्या खेपेला चाकं फिरली, ट्रॅक्टर खड्ड्यात आदळला, वर आला, आणि बाहेरून घेऊन हळू आत, वळणाला लागला. मडगार्डवर मोहनराव एवढे उसळले की टोपी मागं रस्त्यात पडली. त्यांनी घाबरून दोन्ही बाजूंना हात फिरवले.

"अगं ए, हितं धरायला काय हाय?"

"काय न्हाय," प्रयागबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "कधीच काय नव्हतं."