चौथ्या गाळ्यातलं पाणी

माझ्या थोरल्या नणंदेला सैल काही बघवत नाही. पडद्याची दोरी, पिशवीचा बंद, गादीवरची चादर, सगळं ताणून ताठ केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आमचे हे म्हणतात, "कुत्र्याचं शेपूट नळीत घालायची गरज नाही, अक्काच्या हातात द्या."

वन्सं यजमानांच्या मागे आमच्याकडे राहायला आल्या त्याला आता नऊ वर्षं झाली. यजमानांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे बसून बसून त्यांचा हात तयार झाला होता. त्याच हाताच्या जोरावर दीड वर्षापूर्वी त्यांना मोठ्या रस्त्यावरच्या धुलाई केंद्रात नोकरी मिळाली. तिथे गाडी आपली आपणच धुवायची असते. सहा गाळे आहेत, आणि प्रत्येक गाळ्यात भिंतीवर एक लोखंडी पेटी. पेटीच्या तोंडात नोट घातली की मोजून काही मिनिटं पिचकारीतून पाणी येतं, मग फेस, मग पुन्हा पाणी. ही नोट घेणारी मशीनं नीट चालू ठेवायची, हे वन्संचं काम. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा असतो, म्हणून सगळं केंद्र त्यांना किल्लीबाई म्हणतं.

काम ऐकायला सोपं वाटतं. पण जिथे दिवसभर पाणी उडतं, तिथे कागद खाणारं मशीन कोरडं ठेवायचं म्हणजे तळ्यात बसून वही लिहिण्यासारखं आहे. आत जरा दमट झालं की नोट ओळखणाऱ्या काचेवर वाफ धरते, आणि मशीन चांगली कोरी नोटसुद्धा बाहेर टाकतं. पुन्हा घाला, पुन्हा बाहेर. लहान मूल जीभ काढून दाखवतं ना, अगदी तसं.

मी दुपारी त्यांना डबा द्यायला जाते. गेल्या वर्षी एकदा गेले तर चौथ्या गाळ्यात ही गर्दी. एका माणसाने गाडीला फेस लावून ठेवला होता, फेस वाळत चालला होता, आणि मशीन त्याची नोट काही घेईना.

"अहो बाई, ही नोट खोटी आहे का?"

"नोट खरी आहे," वन्सं पेटी उघडत म्हणाल्या.

"मग मी खोटा आहे का?"

"तुमचे हात ओले आहेत."

"गाडी धुवायला आलोय, हात ओले नसतील तर काय मेंदीचे असतील?"

मागचे लोक हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी आतली काच फडक्याने पुसली, फुंकर मारली, झाकण लावलं. एक नोट गेली. दुसरी बाहेर आली. त्या माणसाने शेवटी शेजारच्या गाळ्यातून बादली भरून आणली आणि जाताना म्हणाला, "घरीच धुतली असती तर बायकोने चहा तरी दिला असता."

असं एकदा दोनदा नाही, आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं. आधी चौथा गाळा, मग दुसरा, मग पाचवा. वन्संनी उपायांची कसर ठेवली नाही. पेटीवर पत्र्याचं छप्पर बसवलं. तोंडाला रबराची झडप लावली. दाराला कडेने रबरी पट्टी चिकटवली. आतली हवा कोरडी राहावी म्हणून बारीक दिवा लावला. "ओली नोट घालू नये" अशी पाटी टांगली, तर तिच्याखाली कोणीतरी खडूने लिहिलं, "वाळत घालायला दोरी द्या." एवढं करूनही पेटी उघडली की तळाशी चमचाभर पाणी असायचंच. आणि घरी आल्या की आमच्या सगळ्या वस्तूंची खैर नसायची. ज्या दिवशी मशीन बिघडे त्या दिवशी घरातले सगळे स्क्रू आवळले जात. माझ्या कुकरचं हँडल त्यांनी इतकं आवळलं की झाकण बसेना.

मालक तसा वाईट माणूस नाही, पण त्याच्याही कानाशी गिऱ्हाइकं ओरडत होती. तो एक दिवस म्हणाला, "किल्लीबाई, दोन महिने देतो. नाहीतर ही सगळी धुडं काढून टाकतो. दारात एक माणूस बसवीन, तो हाताने नोटा घेईल. मशीनच नसेल तर मग किल्ल्या कशाला?"

म्हणजे नोकरी जाणार. वन्सं रात्रीचं जेवण अर्ध्यावर सोडून उठल्या.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांना गुन्हेगार सापडला. केंद्रात जमिनी धुणारे एक काका होते. सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आधी मोठी नळी घेऊन सहाही गाळ्यांतला चिखल आणि साबण धुऊन काढायचे. वन्सं एकदा लवकर गेल्या, तर काका चौथ्या गाळ्यात नळी मारत होते आणि पेटीच्या बाहेरून पाण्याचे ओघळ येत होते. झालं. वन्संनी तडक मालकाला सांगितलं.

काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ताई, मी नळी खाली धरतो. पेटीवर कधी मारत नाही. हे केस काही मी उन्हात पांढरे नाही केले."

"मग ओघळ कुठून आले? पेटी काय रडते?"

"ते मला नाही माहीत. मला माझी नळी माहीत आहे."

मालकाने त्यांना त्याच दिवशी घरी पाठवलं. दुसरा माणूस लगेच मिळेना, म्हणून जमीन धुवायचं कामही वन्संच्याच गळ्यात पडलं. त्यांनी नळी गुंडाळून कपाटात ठेवली आणि बादली, फडकं घेऊन वाकून वाकून सहा गाळे पुसले. पेटीच्या आसपास एक थेंब उडू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी चौथ्या गाळ्यातली पेटी उघडली. तळाशी चमचाभर पाणी.

हे त्यांनी मला त्या दिवशी डबा उघडता उघडता सांगितलं, अगदी हळू आवाजात.

"म्हणजे काकांचा काही दोष नव्हता," मी म्हटलं.

"तसंच काही नाही."

"तसंच आहे, वन्सं. मग बोलवा त्यांना."

"आणि मालकाने विचारलं, मग पाणी कुठून येतं, तर काय सांगू? कारण सापडू दे, मग बघू."

"कारण नंतर सापडेल हो. माणूस घरी बसलाय तो आज बसलाय."

"तुला काय जातंय बोलायला," त्या म्हणाल्या आणि डबा तसाच मिटला. "नोकरी तुझी नाही जात आहे."

ते खरंच होतं. पण आठ दिवस गेले, दहा गेले. मी सकाळी देवापुढे बसले की ते पांढऱ्या केसांचे काका डोळ्यांपुढे येत. देवाला मी काही मागितलं नाही. नुसतं म्हटलं, वन्संना बुद्धी दे, आणि मला त्यांच्यावर ओरडायची बुद्धी देऊ नकोस.

त्यातलं दुसरं काही ऐकलं गेलं नाही, ओरडायचं ठरलेलंच होतं बहुतेक. झालं असं की आमच्या घरातल्या बोळात कपडे वाळत घालायची दोरी आहे. ती एका बाजूला खिडकीच्या गजाला आणि दुसऱ्या बाजूला भिंतीतल्या खिळ्याला बांधलेली. पूर्वी ती मधोमध चांगली झोळीसारखी लोंबायची. वन्संना अर्थातच ते बघवलं नाही. त्याच काळात कधीतरी त्यांनी ती ओढून तारेसारखी ताणून बांधली. खिळा गजापेक्षा थोडा खाली आहे, आणि खिळ्याच्या बरोबर खाली माझी देवाची फळी. तेव्हापासून रोज सकाळी माझी वात ओली. काडी लावली की चरचर करून विझायची. मला वाटलं, तेलात काही भेसळ आहे. दुकानदाराशी जाऊन भांडून आले बिचाऱ्याशी.

मग एका सकाळी काडी लावत असताना माझ्या कपाळावरच थेंब पडला. मी वर पाहिलं. दोरीवरून एक एक थेंब घरंगळत खिळ्यापर्यंत येत होता आणि तिथून थेट समईत.

"वन्सं!" मी ओरडलेच. "ही दोरी तुम्ही कशाला ताणलीत? पूर्वी मधल्या झोळीत पाणी यायचं आणि तिथूनच खाली गळायचं. खाली बादली ठेवली की काम झालं. आता सगळं पाणी दोरीवरून चालत माझ्या देवावर येतंय! बारा दिवस मी ओल्या वातीशी झगडतेय, दुकानदाराला चोर म्हणाले, आणि चोर घरात!"

मला वाटलं, आता उलटून बोलतील. पण त्या चहाचा कप हातात धरून दोरीकडे बघत राहिल्या. एक थेंब निघाला, खिळ्यापर्यंत गेला, पडला. दुसरा निघाला. त्यांनी कप खाली ठेवला, दोरीचं टोक सोडलं, हातभर सैल करून पुन्हा बांधलं. आता थेंब मध्यापर्यंत आला आणि तिथूनच जमिनीवर पडला. खिळ्याकडे फिरकला नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि चहा न पिता चपला घालून बाहेर पडल्या. मी ह्यांना समई बघायला सांगून त्यांच्या मागे गेले. का कोण जाणे, त्यांना एकटं जाऊ देववेना.

चौथ्या गाळ्यात त्यांनी शिडी लावली. छताला थंड पाण्याचा पाइप आहे, त्याला दिवसरात्र घाम सुटतो. त्या पाइपाला खेटून विजेची वायर येते आणि भिंतीवरून उतरत पेटीच्या कुशीतल्या भोकातून आत जाते. आधीच्या मिस्त्रीने ती वायर पेटीच्याही खाली लोंबती सोडून मग वर वळवून आत घेतली होती. वन्संनी आल्याआल्या त्याला आळशी ठरवलं होतं. लोंबणारी वायर कापून, ओढून, चिमटे मारून सरळ केली होती. मालकाने तेव्हा कौतुकही केलं होतं, "आता कसं टापटीप दिसतंय!"

वन्संनी बोटाने दाखवलं. पाइपाच्या घामाचा थेंब वायरवर आला आणि ताणलेल्या वायरीवरून सरळ रेषेत, कुठेही न थांबता, भोकातून आत गेला. घरात पाहुणा जावा तसा.

"आधी चार नंबरची वायर सरळ केली," त्या म्हणाल्या. "मग दोनची. मग पाचची. एकला हात लावायला वेळच नाही झाला." एक नंबरचं मशीन कधीच बिघडलं नव्हतं. "सगळीकडे पट्ट्या लावत बसले, पण ती वायर माझ्या हातची म्हणून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही."

मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. कारण सापडलं होतं, नोकरी वाचत होती. पण त्या शिडीच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मालकाला आता नुसतं एवढंच सांगता आलं असतं, की वायर बदलली, पाणी बंद झालं. कोणी विचारलंही नसतं."

मी गप्प राहिले. तेवढं मला त्या दिवशी देवाने जमवून दिलं.

मालक दहा वाजता आला. वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "पाणी माझ्या वायरमुळे जात होतं. काकांनी काही केलेलं नव्हतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं नाही, पण चुकीचं सांगितलं. आणि काकांचा दोष नाही हे मला गेले नऊ-दहा दिवस माहीत होतं."

मालक म्हणाला, "म्हणजे एवढे महिने मी तुम्हाला पगार देतोय पाणी आत सोडायला?"

"हो."

"आणि त्या म्हाताऱ्याला मी उगाच हाकलला?"

"माझ्या सांगण्यावरून."

"मग तुम्हीच जाऊन बोलवा. मी नाही जाणार तोंड दाखवायला." जाता जाता मागे वळून म्हणाला, "आणि बाकीच्या वायरी सैल करा. टापटीप पुरे झाली."

काकांच्या दारात त्यांच्या बायकोने आम्हाला बघितलं आणि आत न बोलावता हाक मारली, "अहो, त्या पेटीवाल्या आल्यात." काका बाहेर आले. वन्संनी सगळं सांगितलं, वायर, घाम, थेंब, काही लपवलं नाही. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हणजे पेटी खरंच रडत होती," ते म्हणाले.

वन्संची मान वर होईना.

"येतो उद्यापासून. घरी बसून हिची बोलणी खाण्यापेक्षा ते बरं. पण ताई, माझी एक अट आहे. मी धुवायला लागायच्या आधी सहाही पेट्यांना प्लास्टिकची पिशवी बांधणार. माझ्या हाताने. पुन्हा कोणी माझ्या नळीचं नाव घ्यायला नको."

"काका, आता गरज नाही त्याची. वायरी नीट केल्यात."

"तुमच्या वायरीला नसेल गरज."

याला आता वर्ष होत आलं. मशीनं ठीक चालतात. कधीमधी एखादी नोट जीभ काढते, पण ते ओल्या हातांचं. काका रोज सकाळी सहा पिशव्या बांधतात, जमीन धुतात आणि पिशव्या तशाच ठेवून चहाला जातात. सोडायचं काम वन्संचं. आणि काकांच्या गाठी अशा घट्ट, की नखं मोडतात पण गाठ हलत नाही. गिऱ्हाईक नोट हातात धरून मागे उभं असतं, "बाई, आज की उद्या?" आणि वन्सं दातांनी, पिनेने, किल्लीच्या टोकाने गाठ उकलत असतात.

परवा मी डबा घेऊन गेले तेव्हा चौथ्या गाळ्यात हेच चाललं होतं. काका समोर बसून बशीतून चहा पीत होते.

"काका, जरा सैल बांधत जा हो," वन्सं वैतागून म्हणाल्या.

काकांनी बशी खाली ठेवली नाही. "सैल मलाही बघवत नाही, ताई," ते म्हणाले.

वन्सं खाली वाकून पुन्हा गाठीला लागल्या.