आईच्या गालावरचा चट्टा

महिनाभर माझा डावा गाल खाजत होता. लालसर, खरखरीत चट्टा, थेट कानाच्या पाळीपर्यंत. आरशात बघितलं की अंगावर काटा यायचा, कारण हा चट्टा माझ्या ओळखीचा होता. असाच, याच जागी आईला होता, आणि आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

बाळंतपणाला मी माहेरी, संभाजीनगरला होते तेव्हाची गोष्ट. बाळंतिणीला सव्वा महिना एकटं सोडायचं नाही, म्हणून आई डॉक्टरकडे जायलाच तयार नव्हती. शेजारच्या काकूंनी लांबूनच बघून गजकर्ण ठरवलं. मेडिकलमधल्या मलमानं चार दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. मी शिकलेली ना, लगेच नियम केले. आईचा टॉवेल वेगळा, साबण वेगळा, बाळाला हात लावायचा नाही. मालिशला बाई ठेवली. आई दारात बसून तिला सांगायची, "मान धरा बाई, लई नाजूक हाय." तिचे हात पदराखाली असायचे. मला ते दिसत होतं.

सव्वा महिन्यानं मी सिल्लोडला सासरी आले आणि पुढच्याच महिन्यात आई झोपेत गेली. नातीला तिनं एकदाही कडेवर घेतलं नव्हतं.

तिचा फोन मी ठेवून घेतला. गंगापूरच्या मावशीशी ती रोज तास-तासभर बोलायची, आणि ते सगळं त्यात आपोआप रेकॉर्ड झालेलं होतं. दुपारी मुलगी झोपली की मी तो कानाला लावून बसायचे. आई हसायची, मावशीशी भांडायची, भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगायची. ऐकल्याशिवाय मला राहवतच नसे. मग चट्टा उठला. खरं सांगते, आई मला सोडत नाही असंच वाटलं. मी मुलीला सासूबाईंजवळ झोपवायला लागले.

शेवटी संभाजीनगरला, क्रांती चौकाजवळच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. आईलाही असंच होतं, हे सांगितलं. फोन कुठल्या कानाला लावता, ते त्यांनी विचारलं आणि आईचा तो फोन मागून घेतला. कापसाच्या बोळ्यावर औषधाचे थेंब टाकून तो फोनच्या धातूच्या कडेवर घासला. बोळा गुलाबी झाला.

"यात निकेल धातू आहे," त्या म्हणाल्या. "काहींच्या कातडीला सोसत नाही. तुमच्या आईंनाही यानंच झालं असणार. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मुलीला खुशाल जवळ घ्या."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

जिना उतरताना मी मध्येच पायरीवर बसले. एकदा मालिश चालू असताना आईनं दारातून विचारलं होतं, "खरंच काही व्हईल का गं लेकराला? नुसते पाय धरू का?"

मी मानसुद्धा वर केली नव्हती. म्हणाले होते, "होईल. नको धरूस."