आलोच

अनोळखी गावात दवाखान्याचा रस्ता विचारला, तर भाजीवाल्या मावशींनी हातातली मेथीची जुडीच पुढं केली. "नाकासमोर जा. हे काय, इथंच आहे."

बाबांना सकाळी तिथं हलवलं होतं. मी झपाझप निघालो, पण रस्ता काही संपेना.

भूमिती शिकवणाऱ्याच्या डोक्यात अशा वेळीही भूमितीच घोळते. वक्र अवकाशात नाकासमोर म्हणजे कुठं, हे सांगणाऱ्या नियमाला आम्ही 'संबंध' म्हणतो. तो सरळ वाट दाखवतो. ती किती लांब, ते सांगत नाही. सगळी मापं दुप्पट करा, वाट तीच राहते. आणि सापेक्षतावादात मोजतात तसा काळही त्याच भूमितीत मोजायचा असेल, तर वाटेबरोबर वेळही दुप्पट होतो. संबंधाला त्याचा पत्ताच नसतो. मी पावलं आणखी भराभर उचलली.

फोन वाजला. धाकटी बहीण होती. "दादा, कुठवर आलास?"

"आलोच," मी म्हणालो. समोर अजून नुसता रस्ता होता.

"बाबा, दादा आलाच हं," तिनं तिकडं सांगितलं.

मागून बाबांचा खोल गेलेला आवाज आला, "आलाच म्हणजे किती?"