पहाट कोणत्या वाराची

मांडवगण फराट्यात माडीवरच्या खोलीत बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. दुपारी जेवण झालं की खिडकीबाहेर ऊस सळसळत असतो, पंखा फिरत असतो आणि मला धड जाग नसते, धड झोपही नसते. अशा वेळी हटकून अनोळखी माणसं आठवतात, ज्यांनी लिहिलेला कोड मी फुकट वापरते ती. जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घ्यावी तर तिच्यामागून आणखी बऱ्याच येतात, लग्नाला एकाला बोलवावं आणि जीप भरून यावी तशा. त्या कोणी लिहिल्या, त्यांच्याकडे आत्ता ऊन आहे की अंधार, काही ठाऊक नसतं. तरी त्यांच्या भरवशावर माझ्या आत्याच्या शेवंतीला पाणी मिळत होतं. याचं मला फार सुख वाटायचं.

आत्या यवतला एकटी राहते. दीड एकर रान, निम्म्यात शेवंती, विहीर नाही. पाटाचं आवर्तन सुटलं की चारीवरच्या, म्हणजे पाटाच्या एका फाट्यावरच्या, प्रत्येकाला ठरल्या तासांची पाळी मिळते, तेवढ्या वेळात दारं धरून पाणी आपल्या रानात वळवायचं. जो झोपला त्याची पाळी बुडाली, हा तिथला जुना नियम. पाळीचा कागद हरवायचा, भांडणं व्हायची, म्हणून मी एक छोटं वेबपान केलं. माझ्या घरातल्या जुन्या लॅपटॉपवर मी ते चालवायचे. ज्याची पाळी त्याला संध्याकाळी मोबाइलवर मेसेज जायचा. वार आणि वेळ जुळवायचं काम एक तयार लायब्ररी करायची.

अडचण एकच होती. लायब्ररीचा वार रात्री बाराला बदलतो, चारीवरचा उजाडल्यावर. तिथे 'सोमवार, पहाटे तीन' म्हणजे सोमवारची रात्र सरताना येते ती पहाट. कॅलेंडर तिला मंगळवार म्हणतं, म्हणू दे बापडं. मला चारीचंच खरं वाटतं. अजून कोणी उठलंच नाही तर नवा दिवस सुरू झाला तो कोणासाठी? हे मी माझ्या कोडमध्ये वेगळं लिहायला हवं होतं. पण आळस केला, थेट लायब्ररीच्या फायलीत शिरले, तिथल्या दोन ओळी बदलल्या आणि विसरून गेले. असं कधी करू नये, हे कंपनीतल्या नव्या लोकांना मीच तावातावाने सांगत असते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शेवंतीला कळी धरली होती, तेव्हाच्या एका सोमवारी दुपारी सूचना आली की त्या लायब्ररीत भोक सापडलंय. तारखेच्या जागी कोणी मुद्दाम लांबलचक वेडावाकडा मजकूर टाकला, तर तो उलगडता उलगडता सगळं पान ठप्प होईल. नव्या आवृत्तीत ते बुजवलं होतं. बुजवणाऱ्याला मी मनोमन हात जोडले आणि एका आज्ञेत जुनी काढून नवी बसवली. दिवसाउजेडीच्या तीनचार पाळ्या तपासल्या, बरोबर निघाल्या. मग टेबलावरच डोकं टेकलं. ती डुलकी फार गोड होती. ऊस, पंखा, कुठेतरी कोणीतरी बुजवलेलं भोक, सगळं एकातएक मिसळून वाहत होतं. जुन्या फायलीबरोबर माझ्या दोन ओळीही गेल्या होत्या.

आत्याची पाळी त्याच सोमवारची होती, पहाटे तीनची. नव्या लायब्ररीच्या लेखी ती वेळ आधीच होऊन गेली होती. तिला मेसेज गेला नाही. खालच्या रानातल्या आप्पांची पाळी चारीच्या हिशोबाने मंगळवारच्या पहाटेची, म्हणजे पुढच्या रात्रीची, त्यांना मात्र एक दिवस आधीच गेला. आत्या पूर्वी बोटांवर पाळी मोजायची. माझं पान आल्यापासून तिने मोजणं सोडलं होतं. ती झोपून राहिली आणि तिचं पाणी आप्पांच्या उसात गेलं.

उजाडल्यावर तिचा फोन आला. काल पाळी नव्हती ना आपली, एवढंच तिने विचारलं. मी मोजलं आणि मला माझ्या त्या दोन ओळी आठवल्या. तासाभरात पान दुरुस्त केलं, स्कूटी काढली आणि नदीचा पूल ओलांडून यवत गाठलं. चारीवर आप्पा आणि दोघंतिघं उभे होते. आत्या त्यांना सांगत होती की मेसेज आला होता, तिलाच डोळा लागला. म्हणजे नियमाने तिची पाळी बुडाली. पुढचं पाणी आठवड्यानंतर, आणि कळीला पाणी चुकलं की फूल बारीक राहतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तिला बाजूला ओढलं आणि खोटं का बोललीस म्हणून विचारलं.

"म्हातारीला डोळा लागला तर लोक हसत्याल आन् इसरत्याल," ती म्हणाली. "तुझं मशिन चुकलं म्हणलं तर तुझ्यावर पुन्ना कोण इसवास ठेवंल? तू गप ऱ्हा."

मला गप्प राहावंसं वाटलं, हे कबूल करते. क्षणभर खरंच वाटलं. मग मी आप्पांकडे गेले. "आप्पा, आत्याला मेसेज गेलाच नव्हता. चूक माझी हाय. तुमची पाळी आजच्या रात्रीची होती, तुम्हाला आधीच मिळाली. उद्या उजाडायच्या आधीचं पाणी आत्याचं."

आप्पा पाणी तिला देतो म्हणाले, पण चारीवर पुन्हा कागद लावायचा, असंही म्हणाले. कागद लागला. निम्मी माणसं आता माझा मेसेज उघडतही नाहीत. आत्याची शेवंती भरली, पण पुढे पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी तिचं ऐकलं नाही, याचा तिला राग होता.

मी त्या दोन ओळी आता माझ्या कोडमध्ये नीट लिहिल्यात. लायब्ररी बदलली की पहाटेच्या पाळ्या आधी तपासते. आणि पाळी असली की संध्याकाळी, मेसेज जायच्या आधी, आत्याचा फोन येतो. तिने बोटांवर मोजलेला वार आणि वेळ ती मला सांगते आणि थांबते. मी पान उघडते, बघते, आणि बरोबर आहे म्हणते. त्यानंतरच ती फोन ठेवते.